पगाराचा आकडा आणि जमिनीचा कागद

काळी नदी कर्नाटकात जोयडा तालुक्यातल्या दिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. वाटेत सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा इथे तिला धरणं अडवतात, नागझरीला तिच्या पाण्यावर वीज तयार होते, दांडेलीची वेस्ट कोस्ट पेपर मिल तिच्या काठी उभी आहे आणि खाली कैग्याला अणुवीज केंद्राचे चार संच चालतात. या नदीने ज्या पगारी नोकऱ्या दिल्या, त्या सगळ्या अशा खालच्या अंगाला. उगमाकडच्या गावांच्या वाट्याला जंगल आलं, भाताची खाचरं आली, सुपारी-मिरीची कुळागरं आली आणि चार महिने न थांबणारा पाऊस आला. साहजिकच या भागातला मुलगा शिकून मोठा झाला की त्याची नजर घाटाखाली जाते. सीमा ओलांडली की सांगे तालुका, पुढे मडगाव, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, किनाऱ्यावरची हॉटेलं.

नोकरी चालून आली की घरात काय बोललं जातं ते कुणालाही सांगता येईल. महिन्याच्या महिन्याला बँकेत पडतात ते पैसे खरे. बागेचं काय, यंदा आहे, पुढच्या वर्षी रोग आला की नाही. बोलणं चुकीचं नाही. चूक होते ती हिशेब अर्ध्यावर सोडल्यामुळे.

समजा, दिग्गीकडच्या एका तरुणाला गोव्यातल्या एका हॉटेलने महिना २५ हजार रुपये, एक वेळचं जेवण आणि भविष्यनिर्वाह निधी देऊ केला. घरच्या कुळागराचं वर्षाचं उत्पन्न मोजलं तर महिन्याकाठी त्याच्या निम्मंही दिसत नाही. मग विचार कसला करायचा? पण २५ हजारांतून निधीची कपात होते, मडगावात दोघा-तिघांत घेतलेल्या खोलीचं भाडं जातं, रात्रीचं जेवण, बस, मोबाइल, चतुर्थी-शिगम्याला घरी येणं आणि येताना रिकाम्या हाताने न येणं, हे सगळं जातं. उरलेली रक्कम घरी येते. घरी मात्र आता एक माणूस कमी असतो. त्याच्या जागी रोजंदारीवर गडी लावावा लागतो, आणि गडी मिळणं हाच या भागातला मोठा प्रश्न आहे. शिवाय पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या पडल्या की कंत्राटी माणसाच्या नोकरीचा भरवसा राहत नाही. बारा महिन्यांचा धरलेला पगार दहा महिन्यांचा होतो. असा हिशेब मांडला की २५ हजार आणि घरची बाग यांतलं अंतर पुसलं जात नाही, पण बरंच कमी होतं. कधी कधी इतकं कमी होतं, की निर्णय पैशांवर न ठरता दुसऱ्या गोष्टींवर ठरवावा लागतो.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे जून-जुलैची फवारणी. सुपारीला पावसाळ्यात कोळेरोग होतो. ही बुरशी हिरव्या फळाच्या देठाशी पाणी साचलं की पसरते. फळं पाणचट होतात, सडतात, गळून खाली पडतात. उपाय शंभराहून अधिक वर्षं जुना आणि साधा आहे : बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळं विरघळवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र करायचं आणि ते त्याच दिवशी मारायचं. पहिली फवारणी पाऊस सुरू होताना, दुसरी साधारण दीड महिन्याने. यात दोन अडचणी आहेत. उघडीप कधी मिळेल हे कुणाला सांगता येत नाही, आणि चाळीस-पन्नास फूट उंच, शेवाळलेल्या झाडावर चढून घडापर्यंत पोचणारा माणूस लागतो. सकाळी ढग फाटले तर अकराच्या आत काम उरकायचं असतं. रजेचा अर्ज देऊन, मडगावहून बस पकडून येणाऱ्याच्या हाती ही उघडीप लागत नाही. दुसरी फवारणी चुकली की वर्षाचं अर्धं पीक जमिनीवर येऊ शकतं. म्हणजे नोकरीच्या पगारातून बागेचं ते नुकसानही वजा करायला हवं. पगाराच्या चिठ्ठीवर ते कधीच छापलेलं नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. सुपारी लावल्यापासून फळायला पाच ते सात वर्षं लागतात. तिच्या खोडावर मिरीचा वेल, मधल्या जागेत केळ, वेलची, कडेला कोकम आणि माड. असं कुळागर दोन-तीन पिढ्यांच्या मेहनतीने उभं राहतं आणि दोन-तीन पावसाळ्यांच्या दुर्लक्षाने बसतं. पाट बुजतो, मिरीला मर लागते, वर माकडं आणि खाली रानडुकरं, गवे यांना रान मोकळं मिळतं. नोकरी सोडून परत आलेल्या माणसाला नोकरी पुन्हा मिळू शकते. बाग पुन्हा उभी करायला त्याचं पस्तिशीपुढचं आयुष्य जातं. दोन पर्यायांमधला हा फरक लक्षात घेतला पाहिजे, कारण घरोघरीच्या चर्चेत दोन्ही पर्याय सारखेच बदलता येण्याजोगे मानले जातात.

तरीही स्वतःच्या धंद्याची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या बार्टन हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञाने २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा वर्षं स्वतःचा व्यवसाय करणारा मधल्या फळीतला माणूस, तेवढाच काळ नोकरीत राहिला असता तर जे मिळालं असतं त्यापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी कमावतो, असं त्यात दिसलं. मग लोक धंदा का सोडत नाहीत? झुरिचच्या मथियास बेंझ आणि ब्रुनो फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधली माहिती तपासून उत्तर दिलं : उत्पन्न आणि कामाचे तास बाजूला ठेवले तरी स्वतःचं काम करणारी माणसं नोकरदारांपेक्षा अधिक समाधानी असतात, कारण काय करायचं आणि कसं करायचं हे त्यांचं त्यांना ठरवता येतं. ही मोकळीक लोक पैसे मोजून विकत घेतात, असं म्हणायला हरकत नाही.

पण हे युरोपातलं समाधान जसंच्या तसं इकडे आणता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातले ५८.४ टक्के काम करणारे 'स्वयंरोजगारित' आहेत. नियमित पगारदार फक्त २१.७ टक्के. त्या ५८.४ मधला तिसरा हिस्सा घरच्या शेतीत किंवा दुकानात विनामोबदला राबणाऱ्यांचा आहे, आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी स्वयंरोजगार निवडलेला नाही, त्यांच्यावर तो येऊन पडला आहे. दिग्गीच्या कुळागरात खत ओढणारी, सुपारी सोलणारी, भाताची रोपं लावणारी बाई कुठल्या मोकळिकीचा आनंद घेते, हे आधी तिला विचारलं पाहिजे. घरच्या मुलीला गोव्यात पगारी काम मिळालं, तिच्या नावाचं बँक खातं झालं, निधी आणि रजा मिळाली, तर तिच्यासाठी ती नोकरी म्हणजेच चांगलं जगणं असू शकतं. 'गावात राहा, निसर्गात राहा' हा उपदेश तिला कुणी करू नये.

मोठ्या पैशाच्या मागे लागून पायाखालची जमीन सोडली की काय होतं, याचा धडा सीमेपलीकडच्याच गोव्याने दिला आहे. चीनला लोखंडाचं खनिज हवं होतं तेव्हा, २०१०-११ च्या सुमारास, गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर जात होतं. सांगे, केपे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत घराघरांतून ट्रक आले. दागिने गहाण पडले, कर्जं निघाली. एका ट्रकच्या महिन्याच्या फेऱ्या शेतीच्या वर्षाच्या उत्पन्नाला मागे टाकत होत्या. मग ट्रकच्या धुळीने माखलेल्या आणि खाणीच्या गाळाने भरलेल्या शेतात कोण उतरेल? सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प झालं. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. पहिल्या बंदीनंतरच सरकारला कर्जमुक्तीची योजना काढावी लागली होती.

या ट्रकवाल्यांना हावरट म्हणणं अन्यायाचं होईल. समोर दिसणारा पैसा घेतला, एवढंच त्यांनी केलं. आणि ट्रकमालक कागदावर 'स्वतःचा मालक' होता, हेही विसरू नये. ग्राहक एक, रस्ता एक, माल एक, कर्ज बँकेचं. खाण बंद पडली त्या दिवशी त्याची मालकी संपली. म्हणजे नोकरी की धंदा, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ज्याच्याकडे भातशेती आणि बाग शाबूत होती तो ट्रक विकून कसाबसा सावरला. ज्याची शेती गाळाखाली गेली होती त्याला खाण सुरू होण्याची वाट बघत बसावं लागलं.

मराठी वाचकाला याची जुनी आवृत्ती ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातल्या कितीतरी कामगारांनी ते महिने गावी जाऊन काढले. भात होतं, घर होतं, शेतावर आई किंवा बायको राबत होती. मनीऑर्डरीने गाव चालतं असं आयुष्यभर मानणाऱ्या माणसाला त्या वर्षी गावाने चालवलं. गिरण्या परत उभ्या राहिल्या नाहीत तो भाग निराळा. पण मालकाला 'नाही' म्हणण्याची ताकद जिथून आली ती जागा चार गुंठ्यांची होती.

नेमकी हीच ताकद दिग्गीच्या तरुणाकडे आहे का? इथे प्रश्न त्याच्या स्वभावाचा किंवा कष्टाळूपणाचा राहत नाही. तो कागदाचा होतो.

जोयड्यातला मोठा समाज कुणबी. डोंगर-जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, कोकणी बोलणारा, पूर्वी कुमरी म्हणजे फिरती शेती करणारा. इंग्रजी अमलात वनखात्याने कुमरीवर निर्बंध आणले आणि कसणारे लोक स्वतःच्याच रानात अतिक्रमणदार ठरत गेले. सीमेपलीकडे गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ पासून अनुसूचित जमातींचा दर्जा आहे. सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात, त्याच समाजाला तो नाही. मागणी जुनी आहे, मोर्चे झाले, पाहण्या झाल्या, निर्णय नाही. याचा नोकरी-धंद्याच्या निवडीशी थेट संबंध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करणाऱ्याला त्याच्या जोडीला तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. १९३० च्या आधीचा पुरावा! तेव्हा हा उत्तर कन्नड जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि रानात कुमरी करणाऱ्याच्या हाती कुणी पावती देत नव्हतं. नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, तरी प्रत्यक्षात जुनी कागदपत्रं मागितली जातात. उत्तर कन्नड जिल्ह्यात असे हजारो दावे फेटाळले गेले आहेत.

ज्या जमिनीचा उतारा आपल्या नावावर नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही. पीकविमा अडतो, सरकारी अनुदान अडतं. पाहुण्यांसाठी घराला दोन खोल्या जोडायच्या म्हटलं तर परवानगी अडते. सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यावर गणेशगुडीला राफ्टिंग चालतं, दांडेलीपर्यंत रिसॉर्टं उभी राहिली आहेत आणि या पर्यटनात पैसा आहे. पण ज्याच्याकडे कागद आणि भांडवल आहे तो मालक होतो, आणि शंभर वर्षं तिथेच राहिलेल्या कुटुंबातला मुलगा त्याच्याकडे स्वयंपाकी किंवा चालक म्हणून लागतो. मग घाटाखाली गोव्यात काय आणि घाटावर काय, त्याच्यासाठी नोकरीच उरते. त्याला पर्याय होता असं म्हणताच येत नाही.

आणखी एक गलेलठ्ठ देकार याच रानात फिरतो आहे. अणशी-दांडेलीचं जंगल २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं आणि २०१५ मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळालं. स्वखुशीने गाव सोडणाऱ्या कुटुंबाला आधी १० लाख रुपये मिळत होते, २०२१ पासून ती रक्कम १५ लाख झाली. अनेक कुटुंबांनी पैसे घेतले आणि ती बाहेर पडली. आजारी माणसाला मैलोगणती वाहून न्यावं लागलेल्या कुटुंबाने तो निर्णय घेतला तर त्यात दोष काढायला जागा नाही. तरी हिशेब मांडून पाहावा. १५ लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला पावणेनऊ हजार रुपये होतात. त्यात घरभाडं, धान्य, भाजी, सरपण, दूध हे सगळं विकत. रानात यातलं बहुतेक विकत घ्यावं लागत नव्हतं. आणि रक्कम एकदा घर बांधण्यात किंवा गाडी घेण्यात गेली की व्याजही नाही. सुप्याच्या धरणाखाली जुनं सुपा गाव आणि भोवतीची खेडी गेली, त्यातल्या कुटुंबांना रामनगरसारख्या ठिकाणी बसवलं गेलं. भरपाईची रक्कम आणि जगण्याचं साधन यांतला फरक या तालुक्याला शिकवायची गरज नाही.

हे सगळं असताना जोयड्यातल्या माणसांनी स्वतःच्या बळावर काही करून दाखवलं आहे. थंडीत जोयड्याला कुणबी समाजाचा कंदमुळांचा मेळा भरतो. कोनफळ, कणगर, करांदे, सुरण, मुडली, अशा नाना जातींचे ढीग लागतात. काही कंद हातभर लांब, काही मुठीएवढे, मातीसकट आणलेले. बेळगाव, कारवार, गोव्याकडून लोक येतात आणि सकाळी मांडलेला माल दुपारपर्यंत उठतो. हे पीक घराच्या परसात होतं, त्याला कोळेरोगाची फवारणी लागत नाही, ते काढून महिनोन्‌महिने ठेवता येतं आणि त्याचं बियाणं घरचंच असतं. पूर्वी हे कंद भूक भागवण्यासाठी होते, आता शहरातला माणूस त्यांच्यासाठी पैसे मोजतो. पण बाजार एक-दोन दिवसांचा आहे. तो वर्षभर चालवायचा तर साठवणीची जागा, वाहतूक आणि पैसे वेळेवर देणारी सहकारी संस्था हवी. एखाद्या गोव्याला गेलेल्या मुलाला परत आणायची ताकद अशा संस्थेत असू शकते. त्याला हॉटेलातलं खरेदी खातं माहीत असतं, कोणत्या शेफला काय हवं ते कळतं, चार भाषा येतात. नोकरीत मिळालेलं हे भांडवल पगारापेक्षा कमी मोलाचं नाही.

मराठीत साध्या जगण्याचं नाव निघालं की दापोलीजवळच्या कुडावळ्याचे दिलीप कुलकर्णी आठवतात. टेल्कोतली इंजिनिअरची नोकरी सोडून ते गावात राहायला गेले, कमी गरजांचं जगणं त्यांनी स्वतः जगून दाखवलं आणि 'गतिमान संतुलन' या मासिकातून ते सांगत राहिले. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे : वरून खाली येणं आणि खालीच राहणं यांत फरक आहे. ज्याच्या हाती पदवी आहे त्याला नको वाटलं तर परत जाता येतं. दिग्गीच्या मुलाला साधेपणा जन्मतःच मिळाला आहे. त्याला हवा आहे दवाखान्यापर्यंत बारमाही रस्ता, फोनला रेंज, मुलांना शाळा, आणि रोखीचा एक भरवशाचा झरा. एवढं असेल तर गावातलं जगणं खरोखर चांगलं आहे. एवढं नसेल तर त्याला चांगलं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून नोकरी चालून आलेल्या मुलाला सांगायचं ते असं. जायचं तर जा, पण बाग कुणाच्या तरी नावाने चालू ठेव, आणि ज्याच्या जिवावर ती चालते त्याला पगारातून वाटा दे, मग ती आई असो, भाऊ असो की बायको. पहिल्या दोन वर्षांत दुचाकीच्या हप्त्याआधी बागेच्या पाटाला आणि पंपाला पैसे घाल. राहायचं तर डोळे उघडे ठेवून राहा : एका पिकावर आणि एका व्यापाऱ्यावर विसंबू नकोस, अटल पेन्शनसारखी योजना चाळिशीच्या आत घे, कारण बाग भविष्यनिर्वाह निधी देत नाही. आणि दोन्ही बाबतींत, बारा महिन्यांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नकोस.

सरकारकडे मागायचं ते एवढंच, की फेटाळलेले वनहक्क दावे पुन्हा उघडावेत, वडीलधाऱ्यांचे जबाब गावातच नोंदवून घ्यावेत, आणि गोव्यात जो समाज आदिवासी ठरला त्याच्या जोयड्यातल्या भावंडांबद्दल एकदाचा निर्णय द्यावा. १९३० च्या आधीचं रान आठवणीने सांगू शकणारी, आपल्या आई-बापांकडून ते ऐकलेली म्हातारी माणसं आता थोडी उरली आहेत. पुढच्या ग्रामसभेत त्यांचे जबाब लिहून घेण्याचा ठराव मांडावा, आणि मडगाव-वेर्ण्याला कामाला असलेल्या मुलामुलींनी त्या दिवशी रजा टाकून गावी यावं.